झडतीला कलम कोणतं?

२३ ऑगस्ट, शनिवार

रागिणीनं आज अख्खं व्यासपीठ गार केलं!

शाळेत तान्हा पोळा होता. पोरं लाकडी बैल सजवून आणतात, आंब्याच्या तोरणाखाली ओळीनं उभे करतात आणि झडत्या म्हणतात. म्हणजे यमक जुळवून कोणाचीही टर उडवायची – सरपंच असो, सावकार असो, जावई असो – आणि शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं की सगळं माफ. मी बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढले, बैल पाहिले ते मालगाडीच्या फाटकापाशी. त्यामुळे मला या प्रकाराचं भारी कौतुक.

फळ्यावर मुख्याध्यापक शालिकराम सरांनी स्वतः रंगीत खडूनं लिहिलं होतं – ‘झडती स्पर्धा. विषय : आपली शाळा’. समोर खुर्चीवर संस्थेचे अध्यक्ष खुशालराव, म्हणजे सगळ्यांचे भाऊसाहेब, गळ्यात हार. नववीची रागिणी आली, बैल खाली ठेवला आणि खणखणीत आवाजात –

काहून रे ढवळ्या, मान काहून खाली?
शाळेत आमच्या मंडळी आली!
पोरींच्या संडासाले भलं मोठं कुलूप,
किल्ली मांगाले गेली त म्हनते – चूप!
साह्यब येते तवा उघडते दार,
साह्यब गेला का पुन्हा कुलूप तयार!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मंडप कोसळला हसून. मी तर टाळ्या पिटल्या, पहिल्या रांगेत बसून. भाऊसाहेबांच्या गळ्यातला हार तेवढा हलत नव्हता.

बक्षीस सातवीतल्या पोराला दिलं. त्याची झडती झाडे लावा, झाडे जगवा यावर होती!

२४ ऑगस्ट, रविवार

भांडी घासताना मध्येच आठवतं आणि हसू येतं. ‘म्हनते – चूप!’

२५ ऑगस्ट, सोमवार

हसू संपलं.

शालिकराम सरांनी ऑफिसात बोलावलं. भाऊसाहेबांचा फोन येऊन गेलेला. ‘गावासमोर संस्थेची इज्जत काढली. त्या पोट्टीच्या बापाले बोलवा अन टीसी हातात द्या.’ आपण काढून टाकलं असं दिसायला नको म्हणून बापानंच अर्ज करायचा – आमची मुलगी दुसरीकडे घालतो. दुसरीकडे म्हणजे कुठे? दुसरं हायस्कूल तेल्हाऱ्याला. एसटीची वेळ धड नाही, रस्ता त्याहून धड नाही. ती पोरगी तेल्हाऱ्याला जाणार नाही, ती घरी बसणार. हे सरांना कळतं, मला कळतं, भाऊसाहेबांनाही कळतं.

मी विचारलं, ‘सर, कोणत्या नियमाखाली?’

सर म्हणाले, ‘शिस्तभंग.’

‘तो कुठे लिहिलाय?’

सरांनी कपाट उघडलं. आम्हा शिक्षकांच्या सेवाशर्तींचं पुस्तक निघालं, जाडजूड. पोरांसाठी काय? भिंतीवरची पाटी – ‘शिस्त पाळा’. बस्स! शाळा माझ्या वयापेक्षा जुनी, आणि गैरवर्तन म्हणजे काय हे एका ओळीतही नाही.

सरांनी फोन लावला. पलीकडून आवाज मला इकडे ऐकू आला – ‘नियम नसन त करा!’ झालं. समिती बसली. सर, खेळाचे गजेंद्र सर आणि मी – मराठी शिकवते म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. आठ सप्टेंबरला संस्थेच्या बैठकीत नियमावली मांडायची. तोवर रागिणी घरी.

आधी शिक्षा, मग नियम. वरातीमागून घोडं! आणि ते घोडं रंगवायला मला बसवलंय.

मुळात झडती म्हणा असं बोर्डावर लिहिलं कोणी? विषय दिला कोणी? यालाच म्हणतात आ बैल मुझे मार – तेही पोळ्याला.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीची सुट्टी. बडनेऱ्याला घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. बाबा रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरीत असताना सहकाऱ्यांच्या खातेचौकशीत बचावाला तेच बसायचे. अजून कोणी ‘संघपालभाऊ, हे पाहा बरं’ म्हणत कागद घेऊन आलं की चष्मा शोधायला लागतात.

माझं ऐकताना चहा थंड केला. मग म्हणाले, ‘बेटा, पहिले हे पाह्य का त्या पोरीले आधी कोनी सांगतलं होतं का, हे करू नोको म्हनून. नसन सांगतलं, तं गुन्हा कायचा? अन लिहितानी एक ध्यानात ठेव. अशोभनीय, गैरशिस्त, बदनामी – असे शब्द दिसले का तिथीच थांब. ते शब्द म्हंजे झोले, पिशव्याच; त्यात काहीबी बसते. आज ती पोरगी बसली, उद्या तू बसशीन.’

आई स्वयंपाकघरातून ओरडली – ‘तिची नोकरी पक्की झाली नाही अजून! तिले काहून शिकवून राहिले असलं?’

आईचं खोटं नाही. माझी शिक्षणसेवकाची मुदत डिसेंबरात संपते. कायम करण्याच्या ठरावावर सही भाऊसाहेबांची. हे मी दोन दिवस स्वतःलाच सांगत नव्हते.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

समितीची पहिली बैठक. गजेंद्र सर यादी घेऊनच आले. वाचताना गळ्यातली शिट्टी टेबलावर आपटत होती.

रंगीत बूट घालणे. केसांचा कोंबडा काढणे. विनाकारण हसणे. उलट उत्तर देणे. शाळेची बदनामी करणे. ग्राउंडवर चप्पल. सरांची नक्कल करणे.

मी म्हटलं, ‘उलट उत्तर म्हणजे नेमकं काय?’

‘म्हणजे… आपण बोललो आणि त्यानं उत्तर दिलं.’

‘मग सुलट उत्तर कोणतं?’

‘चूप राहणं.’

हे गंभीरपणे! मी म्हटलं, विनाकारण हसण्याचं कारण कोण तपासणार? ‘मी,’ म्हणाले. हा माणूस पोरांना बाराखडी नाही शिकवत म्हणून देवाचे आभार, असं मनात आलं. मनातच ठेवलं. म्हणजे बहुतेक ठेवलं – शालिकराम सर टेबलाखालून पाय मारत होते.

‘शाळेची बदनामी’वर मात्र मी अडले. मी विचारलं, बदनामी कुलपानं होते की कुलूप आहे असं सांगितल्यानं? शालिकराम सर खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणाले, ‘पोट्टे तोट्या चोरतात मॅडम, म्हणून लावलंय ते.’ मग पोट्ट्यांना पकडा ना! आमच्या पोरी सकाळपासून घोटभर पाणी पीत नाहीत, दुपारी डोकं धरून बसतात. त्याचं कलम कोणतं?

३१ ऑगस्ट, रविवार

मसुदा फाडला. पुन्हा लिहिला. पुन्हा फाडला. ‘योग्य’, ‘अयोग्य’, ‘उचित’ – सगळे झोलेच झोले!

१ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर रागिणीच्या घरी गेले. तिचे वडील जानराव ओसरीत फवाऱ्याचा पंप खोलून बसले होते. उठून खाट झटकली, पाणी दिलं. मग बोलले –

‘मॅडम, झडती मनावर घेतली तुमच्या भाऊसाहेबानं? आमच्या बापानं भर तोरनाखाली सरपंचाची भादरली होती. सरपंचानं हासून त्याले पान खाऊ घातलं. पोयाच्या दिवशी बोललेलं कोनी घरी नेते का?’

मग आवाज खाली आणून – ‘टीसीचा अर्ज म्या नाई देल्ला. पन किती दिवस थांबू? तिचे मामा म्हनून राहिले, बसव घरी, पाहू एखादं ठिकान.’

ठिकाण म्हणजे स्थळ! नववीतल्या पोरीला!

रागिणी आत होती. बोलायला येईना. शेवटी दारात उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत. मी म्हटलं, ‘मी प्रयत्न करतेय गं.’

ती म्हणाली, ‘मॅडम, तुमी तं हासल्या होत्या. टाळ्याबी वाजवल्या. मंग त्यायनं मले काढलं तवा बोलल्या काहून नाई?’

मी बोलले होते – ऑफिसात, दार लावून, हळू आवाजात. ते काय बोलणं झालं? लाज वाटली. चांगलीच वाटली.

३ सप्टेंबर, बुधवार

आज नववीच्या वर्गावरच प्रश्न टाकला – गैरवर्तन म्हणजे काय, तुम्ही सांगा. आधी सगळे शहाण्यासारखे. ‘खोटे बोलणे.’ ‘गृहपाठ न करणे.’ मी म्हटलं, पुस्तकातलं नको. तुमच्याशी कोणी वागलं आणि रात्री जेवण गेलं नाही, असं काय?

मग हळूहळू सुटले. डबा उघडून वास घेणं आणि नाक मुरडणं. कोणाच्या वहीत घाण लिहून दुसऱ्याचं नाव घालणं. मुलीची सायकल अडवणं. जात विचारणं, सरळ नाही, ‘गावात कोणत्या भागात राहतोस’ असं. सहदेव म्हणून एक आहे, शेवटच्या बाकावरचा, हात वर करायचा त्याला कंटाळा – तो बसल्या बसल्या म्हणाला, ‘मॅडम, मास्तरायनं केलं तं चालते का?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘नाही चालत.’

तोंडातून निघून गेलं. आता लिहावं लागणार!

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. गुलाब मिळाले, पेन मिळालं. तिसऱ्या बाकावर खिडकीकडची जागा रिकामी.

६ सप्टेंबर, शनिवार

मसुदा समितीपुढे ठेवला. दोन भाग केले – एक विद्यार्थ्यांसाठी, दुसरा शिक्षकांसाठी. झोल्याचा शब्द एकही नाही. प्रत्येक वाक्यात काय करायचं नाही ते असं, की पाचवीच्या पोरालाही कळावं. मारणे. धमकावणे. वर्गासमोर विद्यार्थ्याची किंवा त्याच्या घरच्यांची टिंगल करणे. तक्रार आली तर ज्याच्यावर आहे त्याला आधी सांगायचं, त्याचं ऐकायचं, मग ठरवायचं. तक्रार निनावी असली तरी चालेल. आणि नियम लागू होईल तो जाहीर केल्या दिवसापासून, मागचं उकरायचं नाही.

शालिकराम सरांनी दुसरा भाग वाचला आणि घाम पुसला. ‘मॅडम, हे भाऊसाहेबांपुढे मी नाही वाचणार.’

गजेंद्र सरांनी त्यांच्या हातून मसुदा घेतला. कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि ग्राउंडवर निघून गेले. हे आता थेट भाऊसाहेबांकडे जाणार. मला माहीतच होतं!

८ सप्टेंबर, सोमवार

आत्ताच परतले. नीट लिहिते.

बैठक भाऊसाहेबांच्या कापसाच्या गोदामाशेजारच्या हॉलमध्ये. मंडळी लोडाला टेकून. मीच वाचलं. पहिला भाग होईपर्यंत माना हलत होत्या. दुसऱ्या भागाला थांबल्या. भाऊसाहेब म्हणाले, ‘नियम लेकरायसाठी मांगतले होते. मास्तरायले काहून घातलं यात?’

मी म्हटलं, ‘भाऊसाहेब, गैरवर्तन वय पाहून होत नाही.’ (डिसेंबर डोळ्यांपुढे आला आणि गेला.)

‘अन त्या पोट्टीचं काय?’

मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात केला – ‘तुमी थांबा. गजेंद्र, तू सांग.’ गजेंद्र सर भाऊसाहेबांच्या गावचे, त्यांच्याच शब्दावर लागलेले. मी मनातल्या मनात रागिणीची माफी मागितली.

गजेंद्र सर उठले. शिट्टी हातात धरलेली. म्हणाले, ‘भाऊसाहेब, मी खो-खो शिकवतो. डाव सुरू व्हायच्या आधी पोट्ट्यायले सांगतो – उठल्यावर दिशा बदलली का फाउल. मंग शिट्टी मारतो. डाव संपल्यावर मी नवा फाउल काढला, तं पोट्टे मले मैदानात उभं राहू देनार नाईत. अन बरोबर हाय त्यायचं. त्या पोरीचा डाव संपला. आपन तिले झडती म्हन म्हनलं, तिनं म्हनली.’

बसले. या माणसाबद्दल मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय. फाडत नाही, राहू दे.

भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून एकदम – ‘पोरायसाठी नियम. मास्तरायसाठी नियम. मंग संस्थेसाठी काहून नाई? आमी का वरून पडलो? का तुमाले वाटलं खुशालराव भेतो?’

मला वाटलं टोमणा आहे. पण नाही! माणूस दुखावला होता – आपल्याला वगळलं म्हणून! यादीत नाव नाही म्हणजे पंगतीत पान नाही, असं काहीतरी. ‘लिहा,’ म्हणाले, ‘तिसरा भाग. संस्थेनं पानी, संडास, बाक – हे बंद ठेवलं तं ते गैरवर्तन. सही माझी.’

मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट माझं आयुष्यात आलं नसेल.

शेवटी उठताना म्हणाले, ‘त्या पोट्टीले उद्या बोलवा. माफी-बिफी नोको. पन सांगून ठेवतो, पुढच्या साली पोयाले मी पाहुना म्हनून येनार नाई!’

सगळे हसले. तेही हसले, जरासे उशिरा.

९ सप्टेंबर, मंगळवार

आली! जानरावांनी स्वतः मोटरसायकलवर आणून सोडलं. माझ्याकडे बघून हसली नाही, नुसती मान हलवली. चालेल. माझं देणं अजून फिटलेलं नाही, असं तिला वाटत असेल तर वाटू दे.

कुलूप निघालं. दुपारी पाण्याच्या टाकीपाशी पोरींची ही गर्दी!

१५ सप्टेंबर, सोमवार

परिपाठाला तिन्ही भाग मोठ्यानं वाचले. पहिला पोरांनी ऐकला, दुसरा कान टवकारून ऐकला. तिसऱ्याला टाळ्या. व्हरांड्यात तक्रारपेटी लावली. गजेंद्र सरांनी खिळे ठोकले आणि मग पोरांना दम दिला – ‘यात बोरं, गोट्या टाकल्या तं फाउल!’

बाबांना फोन केला. ऐकून घेतलं. म्हणाले, ‘लिहिनं सोपं हाय बेटा. पहिली तक्रार येईन तवा पाहू.’

पेटी रोज संध्याकाळी सर उघडणार. आज उघडली. रिकामी. म्हणजे शेंगदाण्याची टरफलं तेवढी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. एसटी अर्धा तास चिखलात. घटक चाचणीच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या. त्यात सहदेव – तेच वाक्य तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा भलतंच. शेवटी मी म्हटलं, ‘अरे, तुझ्या बापाच्या म्हशीला शिकवलं असतं तर तीसुद्धा आत्तापर्यंत पास झाली असती!’ वर्ग खो खो हसला. हवा हलकी झाली, पुढचा तास सरळ गेला. थोडं असं बोलावंच लागतं, त्याशिवाय पोरं जागी राहत नाहीत.

२२ सप्टेंबर, सोमवार

शालिकराम सरांनी ऑफिसात बोलावलं, स्वतः उठून दार लावलं. पेटीत पहिली तक्रार आली आहे. भाग दुसरा – वर्गासमोर विद्यार्थ्याची किंवा त्याच्या घरच्यांची टिंगल करणे. विद्यार्थी : सहदेव. शिक्षिका : माया मॅडम. मी!

सर हळूच म्हणाले, ‘मॅडम, डिसेंबरात तुमचा कायमचा ठराव आहे. ठेवून देऊ का ड्रॉवरमध्ये? कोणाला कळणार नाही.’

मी खुर्चीत बसले. कान तापले. आधी राग आला, खरं सांगते – हिच्यासाठी मी काय काय केलं! मग दोनदा वाचलं. एक शब्दही खोटा नाही. म्हटलं, ‘नको सर. तारीख द्या. सहदेवला बोलवा, त्याच्या वडिलांना बोलवा. मी येते.’

निनावी चालेल, असं मीच लिहिलं होतं. पोरीनं खाली पूर्ण नाव लिहिलंय – रागिणी जानराव, इयत्ता नववी.